ऐकूं येईनासें झालें तेव्हां

एकत्र कुटुंबांत ज्यांचा जन्म गेला त्यांना गोंगाटाचें भय वाटेनासें होतें. अमरावतीच्या आमच्या वाड्यांत आज तीन पिढ्या नांदत आहेत. पहाटे वडीलबंधूंचें स्तोत्रपठण, मागोमाग स्वयंपाकघरांतील कुकरच्या शिट्ट्या, मोरीपाशीं भांड्यांचा खणखणाट, माडीवर टीव्ही आणि ओसरीवर कोणाचें तरी फोनवरचें संभाषण, हें सर्व एकाच वेळीं चाललेलें असतें. तरीहि ज्याला जें ऐकावयाचें असतें तें तो नेमकें ऐकतो. पाळण्यांतलें मूल कुरकुरलें तर त्याची आई न्हाणीघरांतूनहि ऐकते, आणि लोणच्याच्या बरणीचें झाकण कोणीं उघडलें तर तो आवाज आमच्या दादांना देवघरांत ऐकूं जातो. तेव्हां भोंवतीं गोंगाट असला म्हणून माणसाला ऐकूं येत नाहीं असें नाहीं, हें आमचें आजवरचें मत होतें. अलीकडे एका चित्रपटानें त्या मताची कसोटी घेतली. ती हकीकत वाचकांस सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

त्याचें असें झालें. दादांचा नातू यंदा वीस वर्षांचा झाला. घरांत सर्व त्याला बाळ म्हणतात. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वीं त्यानें शिकवण्या करून मिळविलेल्या पैशांतून विजेवर वाजणारी गिटार आणली, तिघे मित्र जमविले आणि माडीवरच्या अडगळीच्या खोलींत एक 'बँड' स्थापन केला. दर रविवारीं दुपारीं चार ते सहा वाड्याच्या तुळया हादरूं लागल्या. दादांनीं तेंहि सोसलें. कारण गाणें आमच्या घराला परकें नाहीं. परंतु दिवाळीनंतर एके रात्रीं पंगतींत बाळनें शांतपणें जाहीर केलें कीं, एक वर्ष कॉलेज सोडून आपण चौघे पुण्यास जाऊन राहणार आणि केवळ गाण्याचाच उद्योग करणार. दादांच्या हातांतला घास हातांतच राहिला. "गिटारीनें कोणाचें पोट भरल्याचें मीं पाहिलें नाहीं," एवढेंच ते बोलले आणि आंचवावयास उठले. पोराची आई रडकुंडीस आली, बाप ताटाकडे पाहत राहिला. पुढील आठ दिवस आजोबा आणि नातू एकमेकांशीं बोलेनात. ज्या घरांत सतत बोलणें चालू असतें तेथें दोन माणसांचें मौन फार मोठें वाटतें.

नवव्या दिवशीं, रविवारीं रात्रीं, बाळ माजघरांत येऊन म्हणाला, "आबा, नाना, मला एक चित्रपट दाखवायचा आहे. पावणेदोन तासांचा आहे. तो पाहा; मग तुम्ही म्हणाल तें ऐकून घेईन." आबा म्हणजे दादा आणि नाना म्हणजे आम्ही. दादा नाहीं म्हणणार असें आम्हांस वाटलें होतें. परंतु वहिनींनीं त्यांच्या पाठीशीं तक्क्या सरकविला आणि सर्व मंडळी टीव्हीपुढें बसली. वकिलानें कागदपत्र मांडावे तशा गांभीर्यानें बाळनें चित्रपट सुरू केला.

चित्रपटाचें नांव 'द बीटल्स : एट डेज अ वीक'. रॉन हॉवर्ड या अमेरिकन दिग्दर्शकानें तो २०१६ सालीं काढला. हा अनुबोधपट आहे. यांत रचलेली कथा नाहीं. इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या गांवचे चार तरुण १९६२ ते १९६६ या अवधींत जगप्रसिद्ध कसे झाले आणि त्या प्रसिद्धीनें त्यांचें काय केलें, हें त्या काळच्या चित्रफितींतून आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या तोंडून सांगितलें आहे. चौघांपैकीं जॉन लेननचा १९८० सालीं न्यूयॉर्कमध्यें खून झाला आणि जॉर्ज हॅरिसन २००१ सालीं वारला. ते दोघे जुन्या मुलाखतींतून बोलतात. पॉल मॅकार्टनी आणि रिंगो स्टार हे दोघे उतारवयांत पुन्हां कॅमेऱ्यापुढें बसून आपल्या विशीची गोष्ट सांगतात.

लिव्हरपूल हें नांव ऐकतांच दादा सावरून बसले. आमच्या पणजोबांनीं कापसाच्या अडतींत कारकुनी केली. वऱ्हाडचा कापूस मुंबईहून बोटीनें लिव्हरपूलला जाई आणि तेथील बाजारांत 'ऊमरा' या नांवानें विकला जाई. तें नांव आमच्या उमरावतीवरूनच पडलेलें. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तिकडचा कापूस अडला, तेव्हां येथील कापसाला सोन्याचा भाव आला, ही कथा आम्हीं लहानपणीं पुष्कळदां ऐकली होती. बाळनें ती संधि साधली. पॉलचे वडील लिव्हरपूलच्या एका कापसाच्या पेढींत विक्रेते होते, असें त्यानें सांगितलें. "म्हणजे आपल्याच पेठेचा माणूस कीं रे!" दादा म्हणाले. आठ दिवसांत नातवाशीं बोललेले त्यांचे हे पहिले शब्द.

मग बाळ मधून मधून माहिती पुरवूं लागला. हॅरिसनचे वडील बस चालवीत. रिंगोच्या बालपणाचा बराच काळ आजारपणांत दवाखान्यांत गेला आणि ताल धरण्याचा नाद त्याला तेथेंच लागला. पॉल चौदा वर्षांचा असतांना त्याची आई गेली. जॉन सतरा वर्षांचा असतांना त्याची आई मोटारीखालीं सांपडली. जॉनला लहानाचा मोठा त्याच्या मावशीनें केला होता. ती शिस्तीची बाई. गिटार फावल्या वेळीं ठीक आहे, तिच्यावर पोट भरावयाचें नाहीं, असें ती त्याला नेहमीं बजावीत असे. हें ऐकतांच सर्वांच्या माना दादांकडे वळल्या. दादा म्हणाले, "बाई शहाणी होती." माजघरांत हंशा पिकला आणि हवा जरा निवळली.

चित्रपटाचा पूर्वार्ध पाहतांना आम्हांस मोठा आनंद झाला, हें कबूल केलें पाहिजे. ७ फेब्रुवारी १९६४ रोजीं हे चौघे न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरले, तेव्हां त्यांतील वडील दोघे तेवीस वर्षांचे होते आणि हॅरिसनला एकवीस पूर्ण व्हावयाचीं होतीं. पत्रकार त्यांची टर उडविण्याच्या बेतानेंच जमले होते. केस कापणार आहां काय, असें एकानें विचारलें. कालच कापले, असें हॅरिसननें उत्तर दिलें. दोनच दिवसांनीं एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत त्यांना सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनीं पाहिलें. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत अमेरिकेंतील खपाच्या यादींत पहिलीं पांचहि गाणीं त्यांचींच होतीं. हे आंकडे मोठे खरे. परंतु आमच्या मनांत राहिलें तें दुसरेंच. एका ध्वनिक्षेपकापुढें दोघे जण गालाला गाल लावून गात आहेत, मागें रिंगो मान डोलावीत आहे, आणि कोणाची एखादी ओळ घसरलीच तर दुसरा हंसून ती उचलून घेत आहे, हें पाहतांना आम्हांस आमच्या तरुणपणच्या भजनी मंडळाची आठवण झाली. चौघे एकमेकांच्या आधारानें उभे आहेत, हें संगीत न समजणाऱ्यालाहि दिसावें.

वहिनींना मात्र दुसरी एक गोष्ट अधिक भिडली. १९६४ च्या सप्टेंबरांत फ्लोरिडा प्रांतांतील जॅक्सनव्हिल येथें यांचें गाणें ठरलें होतें. त्या भागांत गोरे व काळे प्रेक्षक वेगवेगळे बसविण्याची चाल. तसें बसविणार असाल तर आम्ही गाणार नाहीं, असें या पोरांनीं साफ सांगितलें आणि सर्वांना एकत्र बसविल्यावरच तीं गायिलीं. त्या दिवशीं तेथें असलेली एक कृष्णवर्णीय मुलगी, पुढें इतिहासकार झालेल्या किटी ऑलिव्हर, ती आठवण चित्रपटांत सांगतात. गोऱ्यांच्या इतक्या जवळ बसण्याचा तो त्यांचा पहिलाच अनुभव होता. ही गोष्ट चालू असतां आमच्या घरांत कोणी बोलेना. आमच्या लहानपणीं ओसरीच्या कोपऱ्यांत एक पेला वेगळा ठेवलेला असे आणि तो कोणासाठीं हें आम्हां मुलांना न सांगतां ठाऊक असे. दादांनाहि तोच आठवला असावा. वहिनी हळूच म्हणाल्या, "वीस-बावीस वर्षांचीं पोरं, पण बोललीं हो!" बाळला या मुद्याचा उपयोग आपल्या बाजूनें करतां आला असता; त्यानें केला नाहीं, याचें आम्हांस बरें वाटलें.

येथवर बाळची बाजू भक्कम होती. यापुढें चित्रपट त्याच्या हातून निसटूं लागला.

१५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर त्यांचें गाणें झालें. ५५,६०० माणसें जमलीं होतीं. एवढ्या लोकांपुढें अशा प्रकारचें गाणें तोंवर झालें नव्हतें, त्यामुळें एवढ्या लोकांना तें ऐकवावयाचें कसें याची विद्याहि कोणापाशीं नव्हती. बेसबॉलच्या खेळांत खेळाडूंचीं नांवें पुकारण्यासाठीं मैदानांत जे कर्णे लावलेले असत त्यांतूनच गाणें सोडलें गेलें. आजकाल गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकूं यावा म्हणून त्याच्या समोर किंवा कानांत वेगळा ध्वनिवर्धक असतो. तसें तेव्हां कांहीं नव्हतें. त्यांत हजारों मुलींच्या किंकाळ्या, त्या क्षणभरहि न थांबणाऱ्या. पडद्यावर दिसतें कीं चौघे गात आहेत, वाजवीत आहेत, हंसतहि आहेत. परंतु त्यांपैकीं कोणालाहि आपण काय गातों हें ऐकूं येत नाहीं. रिंगो सांगतो कीं, पुढच्या तिघांच्या पाठी, माना आणि पाय कसे हलतात यावरून गाणें कोठवर आलें असेल याचा तो अदमास घेई. अर्धा तास आणि बारा गाणीं. मग गाडींत बसून निघून जावयाचें.

त्या गर्दींतहि आनंद होता, हें चित्रपट लपवीत नाहीं. हूपी गोल्डबर्ग ही नटी तेव्हां लहान मुलगी होती. तिच्या आईनें तिला न सांगतां तिकिटें मिळवून तिला या मैदानांत नेलें. ती कथा सांगतांना आजहि तिचा कंठ दाटून येतो. जी मुलगी इतक्या दूरच्या बांकावर बसून जन्मभर पुरेल एवढें सुख घेऊन गेली, तिच्यापुढें गाण्याच्या शुद्धाशुद्धतेची चर्चा काय करावी? परंतु ऐकणारा कृतार्थ होतो आणि गाणारा बहिरा होतो, हें दोन्ही एकाच ठिकाणीं एकाच वेळीं घडूं शकतें. चित्रपटाचें मर्म येथेंच आहे असें आम्हांस वाटलें. दादा इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, "गणपतींत चौकांतले कर्णे लागले कीं देवाची आरती कोणाला ऐकूं येते? पण सगळे टाळ्या वाजवीतच असतात."

१९६६ सालीं सारेंच बिघडत गेलें. लेननच्या ख्रिस्ताविषयींच्या एका वाक्यावरून अमेरिकेच्या दक्षिण भागांत यांच्या तबकड्यांच्या होळ्या झाल्या. फिलिपाइन्समध्यें राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीच्या मेजवानीस गेले नाहींत म्हणून लोक अंगावर धावून आले आणि तेथून जीव घेऊन निघावें लागलें. पोलिसांचें कडें, चिलखती मोटार, हॉटेलची बंद खोली, पुन्हां मोटार, असें जिणें झालें. २९ ऑगस्ट १९६६ रोजीं सॅनफ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्यें त्यांनीं अखेरचा दौऱ्यावरचा जलसा केला. त्या दिवशीं तेथील कित्येक जागा रिकाम्याहि होत्या. त्यानंतर पैसे घेऊन लोकांपुढें हे चौघे एकत्र कधींच गायिले नाहींत. कीर्ति शिगेला असतां त्यांनीं टाळ्या सोडल्या आणि बंद खोलींत, जेथें एकमेकांचें वाजविणें ऐकूं येतें अशा ठिकाणीं, ध्वनिमुद्रणास बसले. पहिली मोठी तबकडी त्यांनीं १९६३ सालीं बहुतेक एका दिवसांत गाऊन संपविली होती. आतां एका तबकडीस त्यांनीं सुमारें पांच महिने घेतले. चित्रपटाच्या शेवटीं १९६९ च्या जानेवारींतील प्रसंग आहे. लंडनमधील एका इमारतीच्या गच्चीवर, कडाक्याच्या थंडींत, न बोलावलेल्या वाटसरूंना ऐकूं येईल असे ते चौघे वाजवितात. आणि भांडणतंट्यानंतरहि एकमेकांकडे पाहून हंसतात.

दिवे लागले. बाळनें आमच्याकडे पाहिलें. त्याचें म्हणणें सरळ होतें: हे आमच्याच वयाचे होते, यांपैकीं कोणाजवळ पदवी नव्हती, आणि यांच्याहि घरचे नाहींच म्हणत होते. दादांचें म्हणणेंहि सरळ होतें: असे चौघे शतकांत एकदां होतात, बाकीचे हजारों उपाशी राहतात आणि त्यांच्यावर कोणी चित्रपट काढीत नाहीं. दोघांचेंहि खरें होतें. म्हणूनच वाद तेथें थांबेना. शेवटीं दादांनीं आम्हांस विचारलें, "तुला गाण्यांतलें कळतें. तूं सांग."

त्या आठवड्यांत आम्हीं बाळच्या फळीवरील या मंडळींच्या चरित्राचीं पुस्तकें चाळलीं होतीं. चित्रपटांत जो भाग झरझर सरकतो तोच पुस्तकांत विस्तारानें आहे, आणि आमच्या मतें सर्व उत्तर त्यांतच आहे. १९६० च्या ऑगस्टांत हीं पोरें प्रथम जर्मनीच्या हॅम्बुर्ग बंदरांत गेलीं, तेव्हां त्यांना कोणी ओळखीत नव्हतें. रिंगो अजून त्यांच्यांत आला नव्हता; जॉर्ज अवघा सतरा वर्षांचा. खलाशी आणि दारुडे यांनीं भरलेल्या गुत्त्यांत एरव्ही रोज रात्रीं साडेचार तास आणि शनिवार-रविवारीं सहा तास वाजवावयाचें, असा करार. निजावयास एका सिनेमागृहाच्या पडद्यामागची खोली, शेजारीं शौचकूप, अंगावर पुरेसें पांघरूण नाहीं. तीन महिन्यांनीं जॉर्ज वयानें लहान म्हणून पोलिसांनीं त्याला परत धाडलें आणि बाकीचेहि मागोमाग परतले. तरी पुढल्या वर्षीं ते पुन्हां गेले, त्याच्या पुढल्या वर्षीं पुन्हां. लिव्हरपूलला असले म्हणजे कॅव्हर्न नांवाच्या तळघरांत वाजवीत. तेथें त्यांचे पावणेतीनशेंच्या वर जलसे झाले. १ जानेवारी १९६२ रोजीं लंडनच्या एका मोठ्या कंपनींत परीक्षा दिली, तींत नापास झाले. म्हणजे ज्या उदयाला जग अकस्मात् म्हणतें त्याच्या मागें एकमेकांचें ऐकत काढलेल्या शेंकडों रात्री आहेत. शे स्टेडियमवर स्वतःचा आवाज ऐकूं येत नसतांना ते जें वाजवूं शकले तें त्या रात्रींच्या पुंजीवर.

हें आम्हीं सांगितलें तेव्हां बाळ म्हणाला, "मग आम्हीहि करूं मेहनत." तेव्हां आम्हांस एक गोष्ट सांगावी लागली, जी या घरांत दादा व वहिनी यांखेरीज कोणास पुरती ठाऊक नव्हती.

आमच्या खोलींत खुंटीच्या बाजूस गवसणींत एक तंबोरा उभा आहे. मिरजेहून आणलेला. आम्ही अकराव्या वर्षापासून गाणें शिकत होतों. गुरुजी पहाटे पांचला बसवीत आणि एकेक स्वर तासतासभर लावून घेत. १९६६ च्या गणेशोत्सवांत, आम्ही सतरा वर्षांचे असतां, एका मंडळापुढें प्रथम गायिलों. एका नाट्यपदाला 'वन्स मोअर' मिळाला. त्यानंतर आसपासच्या गांवचीं बोलावणीं येऊं लागलीं. टाळी कोणत्या तानेला पडते हें कळूं लागलें, आणि जी तान टाळी घेते तीच आम्ही घेऊं लागलों. पहाटेची बैठक आठवड्यांतून चार दिवस झाली, मग दोन दिवस. गुरुजींनीं एका शब्दानें टोकलें नाहीं. तीन वर्षांनंतरची एक सकाळ आठवते. आम्ही तासभर गात होतों आणि आपल्याच गळ्यावर खूष होतों. गाणें संपल्यावर गुरुजी उठले, तंबोरा जवळ घेतला, पंचमाची तार छेडली. ती उतरलेली होती. तासभर उतरलेलीच होती. आम्हांस ती ऐकूं आली नव्हती. त्यांनीं ती सावकाश जुळविली, तंबोऱ्याला गवसणी घातली आणि म्हणाले, "आज राहूं दे." ते रागावले असते तर आम्ही दुसऱ्या दिवशीं गेलों असतों. ते रागावले नाहींत आणि आम्ही गेलों नाहीं. पुढें शाळेंत मास्तरकी केली, संसार केला, सुखानें राहिलों. परंतु आमचें गाणें गरिबीनें किंवा वडिलांच्या विरोधानें सुटलें, असा जो समज घरांत आहे तो खरा नाहीं. कोणीं आमच्या वाटेंत धोंड घातली नाहीं. आम्हांस ऐकूं येईनासें झालें होतें.

त्याच सप्टेंबर महिन्यांत, ज्या महिन्यांत आम्ही टाळ्यांच्या वाटेला लागलों, त्या चौघांतला जॉर्ज हॅरिसन मुंबईस आला होता. ही गोष्ट त्या चित्रपटाच्या कक्षेबाहेरची आहे, परंतु तिच्यावांचून ती कथा आम्हांस अपुरी वाटते. कँडलस्टिक पार्कच्या जलशाला अजून तीन आठवडेहि झाले नव्हते. ताजमहाल हॉटेलांत टोपण नांवानें राहून तो पंडित रविशंकर यांच्यापाशीं सतार शिकूं लागला. लोकांनीं ओळखलेंच, दाराशीं गर्दी झाली, तेव्हां गुरुशिष्य काश्मीरकडे गेले. त्यापूर्वीं विलायतेंतील पहिल्या शिकवणीची आठवण हॅरिसननें स्वतः सांगून ठेविली आहे. फोनची घंटा वाजली म्हणून तो सतार ओलांडून उठूं लागला, तेव्हां पंडितजींनीं त्याच्या पायावर चापट मारली आणि वाद्याचा मान राखावयास आधीं शीक, असें बजावलें. ज्याच्या नुसत्या दर्शनासाठीं हजारों लोक रडत होते, त्यानें ती चापट मुकाट्यानें घेतली आणि मांडी घालून कसें बसावें येथपासून शिकावयास आरंभ केला. सतारींत तो फार पुढें गेला नाहीं, हें त्यानेंच मोकळेपणीं मान्य केलें. परंतु १९६८ च्या जानेवारींत तो मुंबईच्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओंत आपल्याकडील वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करीत होता. त्यांत संतूर शिवकुमार शर्मांचें होतें आणि बांसरी हरिप्रसाद चौरसियांची. ऐकण्याची भूक त्याची पुन्हां जागी झाली होती. आमची त्याच सुमारास मरत होती.

एवढें बोलून झाल्यावर आम्हीं बाळला एकच प्रश्न विचारला. "तुम्ही चौघे एकमेकांचें ऐकत किती वेळ बसतां?" तो प्रामाणिक पोरगा आहे. रविवारचे दोन तास, असें तो म्हणाला. आणि त्यांतलाहि निम्मा वेळ मोबाईलवर चित्रण करण्यांत जातो. उरलेले सहा दिवस तें किती जणांनीं पाहिलें याच्या मोजणींत जातात.

आम्हीं त्याला पुण्यास जाऊं नको असें म्हटलें नाहीं. जा असेंहि म्हटलें नाहीं. तो अधिकार त्याच्या आईबापांचा आणि दादांचा. आम्हीं एवढेंच सुचविलें कीं, परीक्षेपर्यंत रोज रात्रीं साडेनऊ ते साडेदहा चौघांनीं आमच्या शेजारच्या खोलींत बसावें. ऐकणारा कोणी नाहीं, चित्रण नाहीं, मोबाईल आमच्या उशाशीं. परीक्षेनंतर, ज्याला अजूनहि पुण्यास जावेंसें वाटेल त्याच्या बाजूनें आम्ही स्वतः दादांशीं बोलूं. बाळला हें फारसें रुचलें नाहीं. दादांनाहि रुचलें नाहीं, "रोज?" असें ते दोनदां म्हणाले. परंतु दोघांनाहि सारखेंच न रुचल्यामुळें तडजोड ठरून गेली.

आज त्या गोष्टीला तीन महिने होत आले. तिसऱ्या आठवड्यांत चौघांपैकीं एक जण येईनासा झाला. ऐकणारा कोणी नसेल तर वाजवावयाचें कशाला, असें तो म्हणाला म्हणे. आम्हीं त्याला दोष दिला नाहीं, कारण त्या वयांत आम्हीहि तसेंच म्हटलें असतें. उरलेले तिघे येतात. पहिला महिना आमच्या डोक्यावर घण पडत होते. आमचें घरांतलें माणूस कानांत कापूस घालून निजूं लागलें. दादांनीं एकदां भिंतीवर काठी आपटली. बाळचा अभ्यास कसा चालला आहे हें निकालाच्या दिवशीं कळेल, आणि पुण्याचा विचार त्यानें सोडला आहे असें समजण्याचें कांहींच कारण नाहीं. तो विषय पंगतींत निघाला कीं अजूनहि सर्व जण ताटाकडे पाहूं लागतात.

परंतु गेल्या गुरुवारची गोष्ट सांगून लेख पुरा करतों. रात्रीचे दहा वाजले असतील. शेजारच्या खोलींत तिघांचें जोरांत चाललें होतें आणि आम्ही अंथरुणावर पडून वाचीत होतों. वाचतां वाचतां आमच्या कानाला कांहीं तरी टोंचलें. कोणाची तरी एक तार किंचित् उतरली होती. फारच थोडी, अर्ध्या श्रुतीइतकी. आम्हीं पुस्तक मिटलें आणि वाट पाहिली. आठ दहा मात्रा तशाच गेल्या. मग एकाएकीं सर्व वाजविणें थांबलें आणि बाळचा आवाज आला, "थांबा रे. माझीच तिसरी तार उतरली आहे." त्यानंतर बराच वेळ एकाच तारेचा आवाज येत होता, हळूहळू वर चढत जाणारा.

उठून त्या खोलींत जावें, पोराच्या पाठीवर हात ठेवावा, असें फार मनांत आलें. दारापर्यंत गेलोंहि. दादाहि त्यांच्या खोलीच्या दारांत येऊन उभे होते. त्यांनींहि तें ऐकलें होतें. आम्ही दोघे म्हातारे अंधारांत एकमेकांकडे पाहत क्षणभर उभे राहिलों आणि कांहीं न बोलतां आपापल्या अंथरुणावर परत आलों. शाबासकीला पुढें पुष्कळ दिवस आहेत.